पाळी जाताना येणाऱ्या वाफा: जवस, सोयाबीन, शतावरी, प्राणायाम यांतल्या कशाचा किती उपयोग?

प्रश्न: वय ४८. सात महिने झाले, पाळी आलेली नाही. दिवसातून आठ-दहा वेळा छातीतून वर वाफा येतात, चेहरा तापतो आणि पाठोपाठ घाम फुटतो. रात्री दोन-तीनदा घामानेच जाग येते. सकाळी गुडघे आणि बोटे आखडलेली असतात. थायरॉइडची ७५ मायक्रोग्रॅमची गोळी आठ वर्षांपासून, तर बीपीची अॅम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम सहा महिन्यांपासून चालू आहे. हार्मोनच्या गोळ्या नकोत, कॅन्सरची भीती वाटते. मैत्रिणी शतावरी, अश्वगंधा, जवस, सोयाबीन सुचवतात. यातले काय घ्यावे, किती आणि किती दिवस?

उत्तर:

ताई, काहीही सुरू करण्याआधी एक आठवडा नुसते मोजा. वहीच्या पानावर दिवस आणि रात्र असे दोन रकाने आखा. नुसते गरम झाले तर १ गुण, घाम आला तर २, हातातले काम सोडून बसावे लागले किंवा झोपेतून उठून कपडे बदलावे लागले तर ३. रात्री दिवा लावून लिहीत बसू नका, उशाशी ठेवलेल्या कागदावर अंधारातच रेघ ओढा. सात दिवसांची बेरीज करून सातने भागा. तो तुमचा आकडा.

एवढा खटाटोप कशासाठी? वाफांवरच्या औषधांच्या चाचण्यांत ज्यांना नुसती साखरेची गोळी दिली जाते त्यांच्याही वाफा बऱ्यापैकी उतरतात, कधी तिसऱ्या हिश्श्याने, कधी निम्म्याने. शिवाय वाफा आपल्या आपण चढतात आणि ओसरतात. बाई औषध शोधायला निघते ती बहुधा सर्वांत वाईट आठवड्यात, त्यामुळे पुढच्या महिन्यात जे हाताशी असेल त्याला श्रेय मिळते. ‘मला त्या चूर्णाने गुण आला’ असे सांगणारी मैत्रीण खोटे बोलत नसते, तिने मोजलेले नसते इतकेच. म्हणून एका वेळी एकच बदल करा आणि त्याला आठ आठवडे द्या (सोयाबीनला बारा). आकडा निदान निम्म्यावर आला नाही तर तो उपाय बंद करून पुढच्याकडे वळा. चार गोष्टी एकदम सुरू केल्या की कशाने गुण आला आणि कशाने पोट बिघडले, दोन्ही कळत नाही.

आता तुमच्या चालू गोळ्यांकडे बघू, कारण अर्धे उत्तर तिथे असू शकते. अॅम्लोडिपिन रक्तवाहिन्या सैल करते आणि काहींचा चेहरा त्यानेच तापतो. पाळीच्या वाफेत घाम येतो, मागोमाग थोडी हुडहुडीही भरते. या गोळीच्या तापण्यात चेहरा लाल होतो, घाम मात्र फारसा नसतो, आणि बऱ्याचदा घोट्यांवर सूजही दिसते. वाफा सहा महिन्यांपूर्वी, म्हणजे गोळीबरोबरच सुरू झाल्या का, हे आठवून पाहा. तसे असेल तर डॉक्टरांना सांगा, बीपीसाठी दुसऱ्या गटातली गोळी देता येते. मनाने बंद करू नका.

दुसरी तपासणी टीएसएचची, म्हणजे थायरॉइडचा डोस बरोबर आहे का हे दाखवणाऱ्या रक्तचाचणीची. थायरॉइडचा डोस गरजेपेक्षा थोडा जरी जास्त झाला तरी घाम, धडधड, चिडचिड, झोपमोड ही सगळी लक्षणे दिसतात. ती पाळीच्या माथी मारली जातात आणि वर्षानुवर्षे जास्तीचा डोस हाडे पोखरत राहतो. सहा महिन्यांत टीएसएच झाली नसेल तर हे उत्तर पुढे वाचण्याआधी ती करून घ्या. पाळी जात आहे हे सिद्ध करायला एफएसएच या हार्मोनची रक्तचाचणी मात्र लागत नाही. पंचेचाळिशीनंतर लक्षणे आणि चुकलेली पाळी पुरेशी असते, आणि या काळात तो आकडा महिन्यागणिक इतका वरखाली होतो की एका रिपोर्टवरून काहीच ठरवता येत नाही. घामाबरोबर संध्याकाळचा बारीक ताप, वजन उतरणे किंवा खोकला असेल तर प्रकरण वेगळे. आपल्याकडे रात्रीच्या घामामागे क्षयरोग निघतो, तो आधी तपासायचा.

वाफ नेमकी कशी येते हे एकदा समजले की निम्मे उपाय आपोआप गळून पडतात. मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमध्ये शरीराचे तापमान राखणारी यंत्रणा आहे. इस्ट्रोजेन हे स्त्रियांचे हार्मोन घटले की तिथल्या काही चेतापेशी चाळवतात आणि शरीराला चालणारा तापमानाचा पट्टा अरुंद होतो. एरवी ज्याची दखलही घेतली गेली नसती अशी किंचितशी वाढ झाली, गरम चहाचा घोट, जिन्याचे दोन मजले किंवा रागाचा एक झटका, की मेंदू ‘फार तापले’ असे समजून त्वचेच्या रक्तवाहिन्या उघडतो आणि घाम सोडतो. दोन-चार मिनिटांचा खेळ असतो. म्हणजे पोटात किंवा रक्तात उष्णता साठलेली नसते. गुलकंद, सब्जा, धने-जिऱ्याचे पाणी, कोकम सरबत यांनी तोंडाला आणि घशाला बरे वाटते, जरूर घ्या, पण मेंदूतला तो अरुंद पट्टा त्यांनी रुंद होत नाही. गुलकंदात निम्म्याहून अधिक साखर असते हेही विसरू नका.

वाफांचा मुक्काम किती? अमेरिकेत हजारो स्त्रियांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा झाला, त्यात मध्यक सुमारे ७.४ वर्षे निघाला, म्हणजे निम्म्या जणींना त्याहून जास्त. ‘सहा महिने कळ काढ’ हा सल्ला बहुतेकींच्या बाबतीत खोटा ठरतो तो यामुळे.

हार्मोन नकोत, हा तुमचा निर्णय आहे. पण तो २००२ सालच्या बातमीवर घेतला जाऊ नये. त्या वर्षी अमेरिकेतली हार्मोनांची एक मोठी चाचणी थांबवली गेली आणि जगभर घबराट पसरली. त्या चाचणीतल्या स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते. गर्भाशय असलेल्यांना दिलेल्या दोन हार्मोनांच्या गोळीने स्तनाच्या कर्करोगात दर दहा हजारांत वर्षाला साधारण आठ जणींची भर पडली होती. साठीच्या आत, किंवा पाळी जाऊन दहा वर्षे व्हायच्या आत आणि मनाई करणारे कारण नसताना, हार्मोनांचा फायदा तोट्याहून मोठा असतो असेच आज तज्ज्ञ मानतात. वाफा सुमारे तीन-चतुर्थांशाने कमी होतात. खाली येणारे सगळे उपाय याच पट्टीने मोजा. पाळी चाळिशीच्या आत गेली असेल तर मात्र नैसर्गिक उपायांवर भागवूच नका. तिथे हार्मोन हाडांसाठी आणि हृदयासाठी द्यावे लागतात, नेहमीच्या पाळी जाण्याच्या वयापर्यंत.

आता सोयाबीन. खाण्याच्या पदार्थांत ज्याच्या बाजूने काहीतरी ठोस बोलता येते असा हा एकच. त्यातली आयसोफ्लेव्होन ही द्रव्ये इस्ट्रोजेनसारखी, पण फार क्षीण काम करतात. अनेक चाचण्यांचा एकत्रित हिशेब सांगतो की रोज ५० मिलिग्रॅमच्या आसपास आयसोफ्लेव्होन सहा आठवडे ते बारा महिने घेतली तर वाफा साखरेच्या गोळीपेक्षा साधारण पाचव्या हिश्श्याने जास्त उतरतात. सगळ्यांना सारखा गुण येत नाही. ज्यांच्या आतड्यातले जिवाणू यातल्या एका द्रव्याचे इक्वॉल बनवतात त्यांना जास्त येतो, असा कयास आहे. उत्तर अमेरिकेच्या मेनोपॉज सोसायटीने २०२३ मध्ये तर पुरावा अपुरा म्हणून सोयाची शिफारस करणेच टाळले. माझे मत थोडे सैल आहे. चांगली प्रथिने, स्वस्त कडधान्य, नुकसान नाही, मग बारा आठवडे करून बघायला हरकत कसली?

पण प्रमाणात लोक फसतात. दळणात किलोभर गव्हाला शंभर ग्रॅम सोयाबीन घालायची पद्धत घरोघरी आहे. त्या पिठाच्या तीन पोळ्यांत, म्हणजे ९० ग्रॅम पिठात, सोयाबीन जेमतेम आठ ग्रॅम आणि आयसोफ्लेव्होन १२ मिलिग्रॅमच्या आसपास. प्रथिने थोडी वाढतात, वाफांना त्याचा पत्ताही लागत नाही. सोयाबीनच्या तेलात तर हे द्रव्य नसतेच. लातूरकडे शिवारेच्या शिवारे सोयाबीनची आणि सगळे चालले तेलाला! पुरेसे प्रमाण म्हणजे शिजवलेले सोयाबीन रोज अर्धी वाटी, सुमारे ८५ ग्रॅम. रात्री भिजत घाला, दहा तासांनी पाणी फेकून द्या, नव्या पाण्यात कुकरच्या शिट्टीनंतर मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटे ठेवा. दाणा बोटांत सहज चेपला गेला पाहिजे. कच्चे किंवा अर्धकच्चे राहिले तर पोट हमखास फुगते, कारण पचनात अडथळा आणणारी त्यातली द्रव्ये शिजल्याशिवाय मरत नाहीत. मग उसळ करा, कोशिंबिरीत घाला किंवा ठेचून कांदा-मिरचीबरोबर परता. शंभर ग्रॅम टोफूतून साधारण निम्मेच प्रमाण मिळते. ‘आयसोफ्लेव्होन’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कॅप्सूल नकोत, आणि स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल तर मुळीच नकोत. तुम्हाला एक पथ्य: थायरॉइडची गोळी आणि सोयाबीन यांत चार तासांचे अंतर ठेवा, नाहीतर गोळी आतड्यातच अडकते आणि टीएसएच चढते.

जवसाचे वेगळे आहे. २००७ मध्ये एका छोट्या अभ्यासात रोज ४० ग्रॅम जवसाने वाफा निम्म्यावर आल्याचे दिसले आणि बातम्यांना ऊत आला. त्याच संशोधकांनी मग १८८ स्त्रियांना दोन गटांत विभागून सहा आठवडे जवसाची वडी आणि तशाच दिसणाऱ्या बिनजवसाच्या वडीची तुलना केली. दोन्ही गटांत सुमारे तिसरा हिस्सा स्त्रियांच्या वाफा निम्म्या झाल्या, म्हणजे जवसाचा म्हणून वेगळा गुण शून्य. वर साखरेच्या गोळीबद्दल लिहिले त्याचे यापेक्षा चांगले उदाहरण सापडणार नाही.

तरीही जवस खा, फक्त कारण बदला. या वयात बद्धकोष्ठ आणि वाढते कोलेस्टेरॉल दोन्ही मागे लागतात आणि त्या दोहोंवर जवस कामाचे आहे. अख्खे दाणे चावले जात नाहीत, जसेच्या तसे बाहेर पडतात, म्हणून कुटूनच घ्यायचे. जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर पाच-सहा मिनिटे भाजा. दाणे तडतडून उडू लागले आणि एक दाणा दाताखाली कुडकुडीत फुटला की लगेच ताटात काढा, कढईत ठेवलात तर करपून कडू होतात. पूर्ण गार झाल्यावरच मिक्सरला लावा, गरम असताना तेल सुटून गोळा होतो. लसूण, जिरे, सुकी मिरची घाला, मीठ बेताने, तुम्हाला बीपी आहे. आठवडाभर पुरेल एवढीच चटणी करून घट्ट झाकणाच्या बरणीत फ्रीजमध्ये ठेवा. जवसाचे तेल हवेने झपाट्याने बिघडते. चटणीला रंगाच्या डब्यासारखा वास आला तर फेकून द्या, तैलरंगात आणि वॉर्निशात हेच तेल वापरतात. सुरुवात एका चमच्याने करा, दहा दिवसांत दोन मोठ्या चमच्यांवर या आणि वर भरपूर पाणी प्या. पाणी कमी पडले तर ज्यासाठी घेतो तेच बिघडते.

शतावरीच्या बाजूने परंपरा मोठी आणि चाचण्या लहान आहेत. एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही: सुश्रुतांनी पाळी बाराव्या वर्षी सुरू होते आणि पन्नाशीला थांबते असे नोंदवले आणि ते पुढे गेले. त्याला स्वतंत्र रोग मानून स्वतंत्र औषध असे जुन्या ग्रंथांत नाही. आजची ‘रजोनिवृत्ती चूर्णे’ त्या अर्थाने नवीनच. शतावरी घेऊन बघायचीच असेल तर नुसत्या मुळीचे चूर्ण ३ ग्रॅम, दिवसातून दोनदा कोमट दुधातून, आठ आठवडे. शतावरी कल्प म्हणजे मुख्यतः साखर, मधुमेहाच्या उंबरठ्यावर असाल तर तो नकोच. स्तनाच्या कर्करोगाचा इतिहास असेल तर शतावरीही टाळा.

अश्वगंधा मात्र तुम्ही घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. झोपेवर आणि ताणावर तिचा थोडा उपयोग दिसला आहे, हे खरे. पण ती थायरॉइडचे हार्मोन वाढवू शकते. तुमची ७५ ची गोळी आणि वर अश्वगंधा झाली की धडधड आणि घाम वाढतो, तुम्ही ते वाफा समजता आणि आणखी अश्वगंधा घेता. या चक्रात अडकलेल्या स्त्रिया कमी नाहीत. यकृताला सूज आल्याच्याही नोंदी आहेत. डोळे पिवळे होणे, लघवी गडद होणे, अंगाला खाज सुटणे, यांतले काहीही दिसले तर कोणतीही जडीबुटी त्या क्षणी बंद करायची.

तयार ‘लेडीज टॉनिक’ घेताना लेबलवर ज्येष्ठमध शोधा. त्यामुळे बीपी चढते आणि रक्तातले पोटॅशियम उतरते, म्हणजे तुमच्यासाठी तेही बाद. भस्म किंवा रसकल्प (धातू किंवा पारा वापरून केलेले कल्प) असलेली औषधे ओळखीच्या वैद्यांच्या देखरेखीशिवाय नकोत. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात इंटरनेटवरून विकत घेतलेल्या १९३ आयुर्वेदिक औषधांपैकी सुमारे पाचव्या हिश्श्यात शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले होते. परदेशातल्या बहिणी-भाच्या ‘ब्लॅक कोहॉश’ पाठवतात. त्याचा उपयोग सिद्ध झालेला नाही आणि यकृताचे इशारे त्यावरही आहेत. ‘ईव्हनिंग प्रिमरोज’ नावाच्या वनस्पतीच्या तेलाने वाफा कमी होत नाहीत. हळदीचे दूध खुशाल प्या, पण काळ्या मिरीचा अर्क घातलेल्या हळदीच्या तीव्र कॅप्सूलनी यकृत बिघडल्याची उदाहरणे आहेत.

मनाच्या अंगाने जाणारे उपाय लोकांना पांचट वाटतात, आणि नेमका तिथेच पुरावा जास्त भक्कम आहे. वर उल्लेखलेल्या २०२३ च्या शिफारशींत औषधाविना उपायांपैकी दोनच वरच्या पायरीवर बसले: विचार आणि वागणूक बदलण्याची उपचारपद्धती, म्हणजे सीबीटी, आणि वैद्यकीय संमोहन. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठात १८७ स्त्रियांवर झालेल्या चाचणीत आठवड्याला एक अशा पाच संमोहन-बैठका झाल्या. बाराव्या आठवड्यापर्यंत वाफा ७४ टक्क्यांनी उतरल्या, तुलनेच्या गटात १७ टक्क्यांनी. प्रशिक्षित माणूस आपल्याकडे सहज मिळत नाही आणि जत्रेतल्या संमोहनकारांकडे जाण्यात अर्थ नाही. सीबीटी मात्र बरीचशी घरी करता येते. लंडनच्या किंग्ज कॉलेजमध्ये झालेल्या चाचणीत पुस्तिकेवरून आपले आपण करणाऱ्यांनाही गटात शिकणाऱ्यांइतकाच फायदा झाला. वाफांची संख्या त्याने फारशी घटत नाही, त्यांचा जाच घटतो.

करायचे असे. वाफ सुरू होताना मनात जे येते ते शब्दशः लिहा. ‘सगळे माझ्याकडेच बघताहेत’, ‘आता मला चक्कर येणार’, ‘आजची रात्र गेली’. शेजारी वस्तुस्थिती लिहा: तीन मिनिटांत ओसरेल, चक्कर आजवर एकदाही आली नाही, समोरच्याला फार तर ‘उकडतंय वाटतं’ एवढेच वाटेल. मग वाफ येताच खांदे सैल सोडा, हातातले काम हळू करा पण सोडू नका, श्वास पोटातून घ्या, सोडताना घेण्यापेक्षा लांबवा. घाईघाईने पदराने वारा घेणे, खिडकीकडे धावणे, स्वतःवर चिडणे, यांनी धडधड वाढते आणि वाफ लांबल्यासारखी वाटते. चारचौघांत असाल तर ‘मला जरा गरम होतंय’ असे सरळ म्हणून टाका.

संथ श्वसनाच्या चाचण्यांत वाफांची संख्या घटलेली दिसली नाही, त्यामुळे नुसत्या अनुलोम-विलोमाने वाफा जातील अशी आशा धरू नका. शीतली, शीत्कारी निरुपद्रवी आहेत, बरे वाटत असेल तर करा. कपालभाती, भस्त्रिका आणि श्वास कोंडणारे कुंभक तुमच्या बीपीला मानवणार नाहीत. योगासनांबाबत दोन उलटसुलट निकाल आहेत. बेंगळुरूजवळच्या स्वामी विवेकानंद योग अनुसंधान संस्थानाच्या २००८ मधल्या चाचणीत १२० स्त्रियांपैकी निम्म्यांनी आठ आठवडे, आठवड्यातून पाच दिवस रोज तासभर योग केला. साधा व्यायाम करणाऱ्या गटापेक्षा त्यांच्या वाफा आणि रात्रीचा घाम जास्त उतरला. अमेरिकेतल्या २०१४ च्या मोठ्या चाचणीत वाफांना फरक पडला नाही, झोप तेवढी सुधारली. रोज तास आणि आठवड्यातून एक वर्ग यांत हा फरक दडला असावा असे मला वाटते. हाडांची घनता कमी निघाली असेल तर पश्चिमोत्तानासन, हलासन अशी पाठीचा कणा पुढे वाकवणारी आसने सोडा, दुबळ्या मणक्याला त्याने बाक येतो किंवा तो चेपतो.

रात्रीचे बघू. एक जाड पांघरूण काढून दोन पातळ सुती चादरी घ्या, एक पायाने ढकलता येईल अशी. उशाशी ओला नॅपकिन, पाण्याचा तांब्या आणि बदलायचा सुती गाऊन ठेवा, म्हणजे दिवा न लावता पाच मिनिटांत पुन्हा आडवे होता येते. वाफेची चाहूल (पुष्कळ जणींना आधी छातीत किंचित धडधड जाणवते) लागताच गार पाण्याचे दोन घोट घ्या. कोरड्या हवेत पंखा पुरतो. मुंबई-कोकणात हवाच ओली, घाम वाळत नाही, तिथे ऑक्टोबरात नुसत्या पंख्याने भागत नाही, एसी कोरड्या मोडवर लावा. दुपारी तीननंतर चहा-कॉफी बंद, दोन आठवडे करून पाहा. चहा पिऊन सहा तास उलटले तरी त्यातले जवळपास निम्मे कॅफीन रक्तात असते.

जाग आल्यावर पुन्हा झोप लागत नसेल तर अंथरुणातला वेळ आवळा. आठ तास पडून साडेपाच तासच झोप होत असेल तर उठण्याची वेळ सहा धरा आणि बारालाच पडा. आठवडाभर दिवसा जांभया येतील, दुपारी डुलकी घ्यायची नाही, त्या काळात गाडी चालवताना जपा. अंथरुणातल्या वेळेपैकी ८५ टक्के झोप होऊ लागली की पंधरा मिनिटे लवकर. साडेपाच तासांच्या खाली कधीही उतरू नका.

हाडांसाठी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद (आयसीएमआर) पाळी गेलेल्या स्त्रीला रोज १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम सांगते. दूध-दही मिळून ४०० मिलिलिटर म्हणजे सुमारे ४८०. चाळीस ग्रॅम पिठाची एक अशा नाचणीच्या दोन भाकऱ्या म्हणजे जवळपास २९०. न सोललेले तीळ एक मोठा चमचा, १०० च्या घरात. शंभर ग्रॅम मेथी किंवा राजगिऱ्याचा पाला, २५० च्या पुढे. पालकावर विसंबू नका, त्यातले ऑक्झलेट कॅल्शियम धरून ठेवते. एवढे रोज पोटात जात असेल तर गोळी नको. जात नसेल तर ५०० मिलिग्रॅमची एकच, दुपारच्या जेवणासोबत. उपाशीपोटी कॅल्शियम कार्बोनेट नीट शोषले जात नाही आणि एका वेळी पाचशेच्या वर शरीर घेतही नाही. थायरॉइडची गोळी पहाटे सहाला नुसत्या पाण्याबरोबर, चहा तासाभराने, कॅल्शियम दुपारी: हे वेळापत्रक मोडले की दोन्ही गोळ्या वाया. ड जीवनसत्त्वाच्या ६०,००० युनिटच्या पुड्या आठवड्याला एक अशा आठ आठवडे घेऊन थांबायच्या असतात, पुढे महिन्याला एक. ‘आठवड्याला एक’ हीच चिठ्ठी तीन वर्षे चालवून मूतखडे घेऊन येणाऱ्या असतात. चालणे चांगलेच, पण स्नायूंना वजन हवे. आठवड्यातून तीनदा: खुर्चीतून हातांचा आधार न घेता उठ-बस दहा वेळा, अशा तीन फेऱ्या. भिंतीला रेटून दंड दहा. ओट्याला धरून टाचा उचलून धपकन टेकवणे वीस वेळा, हाडे ठिसूळ नसतील तरच. पाण्याच्या लिटरभर बाटल्या म्हणजे घरचे किलोचे वजन.

बोटांचा आखडलेपणा अर्ध्या तासाच्या आत सुटत असेल तर काळजी नको, कोमट पाण्यात मुठी उघडझाप करा. तासभर राहत असेल किंवा सांध्यांवर सूज असेल तर संधिवाताची तपासणी करा, पाळीवर ढकलू नका.

तुम्ही विचारले नाही ते एक. योनीमार्गाचा कोरडेपणा, जळजळ, वारंवार लघवीचा संसर्ग ही लक्षणे वाफांसारखी ओसरत नाहीत, वर्षागणिक वाढतात, आणि बायका ती दहा-दहा वर्षे अंगावर काढतात. तुरटीचे पाणी, हळद, डेटॉल, सुगंधी वॉश यांतले काहीही आत वापरू नका, त्याने तिथली उरलीसुरली आम्लता आणि जिवाणूंची घडी मोडते. योनीचे मॉइश्चरायझर दर तिसऱ्या दिवशी झोपताना, संबंध असोत-नसोत. संबंधांच्या वेळी पाण्यावर आधारित वंगण. खोबरेल चालते, पण निरोध त्याने फाटतो. दोन-तीन महिन्यांत फरक न पडल्यास इस्ट्रोजेनचे स्थानिक मलम हाच उपाय. रक्तात ते नगण्य जाते, गोळ्यांची भीती त्याला लावू नये.

आणि वाफांना किंवा लांबलेल्या पाळीला कंटाळून ‘पिशवी काढून टाका’ कोणी सुचवले तर दुसरे मत घेतल्याशिवाय हो म्हणू नका. बीडच्या ऊसतोड कामगार स्त्रियांच्या अशा शस्त्रक्रियांवर २०१९ मध्ये सरकारला चौकशी समिती नेमावी लागली होती. पिशवीबरोबर बीजकोष गेले तर वाफा एका रात्रीत आणि दुपटीने येतात.

सोयाबीन, सीबीटी, झोपेची शिस्त एवढे करून तीन-चार महिन्यांत आकडा हलला नाही तर बिनहार्मोनची औषधेही आहेत. रात्रीच्या घामासाठी झोपताना गॅबापेंटिन, किंवा कमी डोसात व्हेन्लाफॅक्सिन (बीपीवर लक्ष ठेवून), दोन्ही डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच.

तोवर भिंतीवरच्या कॅलेंडरवर महिने मोजत राहा. नवव्या-दहाव्या महिन्यात पाळी परत आली तर घाबरू नका, मोजणी पुन्हा एकपासून. पन्नाशीच्या आत पाळी थांबली तर शेवटच्या पाळीनंतर दोन वर्षे गर्भनिरोधन चालू ठेवावे लागते. आणि बारा महिने कोरडे गेल्यानंतर कपड्याला नुसता डाग जरी दिसला, तरी त्याच आठवड्यात सोनोग्राफी करून गर्भाशयाच्या अस्तराची जाडी बघून घ्यायची. चार मिलिमीटरच्या वर असेल तर तुकडा काढून तपासतात. तो डाग शतावरी किंवा सोयाबीन ‘गरम पडले’ म्हणून आला असे कोणी म्हटले तरी ही तपासणी चुकवायची नाही.